भाषा येत नाही आणि साक्ष द्यायचीये? मेळघाटला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर जानेवारीत आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या कुणाचा तरी मेसेज येतो. "ताई, पुढच्या महिन्यात मेळघाटला चाललोय, पास्टरांनी साक्ष द्यायला सांगितलीये, मला कोरकूचा क पण येत नाही, काय करू?" मग मी रात्री भांडी घासता घासता तीच ती व्हॉइस नोट पाठवते, मधे कुकरच्या शिट्ट्यांसकट. ह्या वेळी म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं फॉरवर्ड करता येईल. (साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे, देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते लोकांसमोर सांगणं.)

मी मूळची नगरची, आता पुण्यात असते, मेळघाटला सहा वेळा जाऊन आलेय. मी काही मिशनरी वगैरे नाही, बँकेत नोकरी करते, सुट्टी टाकून जाते. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते पाच-सहा दिवसांसाठी जाणाऱ्या माणसाच्या कामाचं आहे, तिथं राहून आयुष्य घालवणाऱ्यांना मी काय सांगणार.

पायरी १: आपण कुठं चाललोय ते आधी नीट समजून घ्या

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. पुण्याहून ट्रेनने बडनेरा किंवा अमरावती, तिथून एसटीने परतवाडा, आणि मग घाट, सेमाडोह, हरिसाल, धारणी. नकाशावर हे महाराष्ट्रातच आहे म्हणून आपल्याला वाटतं की मराठीवर भागेल, आणि इथंच पहिली फसगत होते. तिथल्या कोरकू आदिवासींची कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीची पण नाही. ती मुंडा कुळातली भाषा, तिच्या बहिणी म्हणजे संथाली, मुंडारी, हो, त्या सगळ्या तिकडं झारखंड-ओडिशाच्या बाजूला. म्हणजे आपण कोकणी किंवा गुजराती ऐकतो तेव्हा चार शब्द तरी पकडीत येतात ना, तसं इथं काही होत नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सात लाखांच्या पुढे होते, त्यातले पुष्कळ सातपुड्याच्या पलीकडं मध्य प्रदेशात.

पोरं शाळेत, आश्रमशाळेत मराठी शिकतात. बाजारात व्यवहार हिंदीत चालतो, तीसुद्धा निमाडी वळणाची हिंदी. पण म्हाताऱ्या बायका, आणि घरातलं बोलणं, आणि भांडण, आणि रडणं, हे सगळं कोरकूत. आणि साक्ष तर तिथंच पोचायला पाहिजे ना.

कधी जायचं हेही ह्यातच येतं. दिवाळीनंतर बरीच माणसं कामासाठी बाहेर पडतात, होळीला परत येतात. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. मोहफुलं पडायला लागली की पहाटेच सगळं घर टोपल्या घेऊन जंगलात. पावसाळ्यात रस्ते आणि घरातलं धान्य दोन्हीचे हाल. तेव्हा आपल्या चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख ठरवू नका, तिथल्या माणसाला फोन करून विचारा.

आणि हो, कोकरू नाही, कोरकू. हसू नका, आमच्या टीममधल्या एकाने पहिल्याच मीटिंगला माईक हातात घेऊन "माझ्या प्रिय कोकरू बंधूंनो" म्हटलं होतं. नशीब, दुभाष्याने तेवढं भाषांतरच केलं नाही.

पायरी २: कायदा आणि परवानगी, हे कंटाळवाणं वाटलं तरी वाचा

संविधानाचं कलम २५ आपल्याला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. पण १९७७ साली सुप्रीम कोर्टाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आपल्या साक्षीला ह्याने काही बाधा येत नाही, कारण साक्ष म्हणजे माझ्या बाबतीत काय झालं ते मी सांगणं, पुढचं त्या माणसाचं आणि देवाचं. मेळघाटची हद्द मध्य प्रदेशला लागून आहे आणि तिथं १९६८ पासून धर्मांतराबद्दल वेगळा कायदा आहे, २०२१ मध्ये नवा आणि आणखी कडक आला. पाहुण्यांकडे जाऊ म्हणून सहज नदी ओलांडून पलीकडच्या गावात गेलात तर कायदा बदलतो हे डोक्यात असू द्या. कायदे बदलत असतात, आपल्याकडचेसुद्धा, म्हणून निघायच्या आठवड्यात ओळखीच्या वकिलाला एक फोन कराच.

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं ग्रामसभेला मान आहे, शिवाय बराच भाग व्याघ्र प्रकल्पाचा. म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि गावातली चार जाणती माणसं ह्यांना भेटून, आम्ही कोण, किती जण, किती दिवस, कुणाच्या घरी, हे आधी सांगायचं. गाव नको म्हणालं तर चहा पिऊन परत यायचं, वाद नाही.

अमेरिकेतला चुलतभाऊ किंवा ऑस्ट्रेलियातली मावशी "आम्ही पण येतो" म्हणते ना, तिथं फार जपा. टुरिस्ट व्हिसावर मिशनचं काम चालत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी २०२१ च्या नियमाप्रमाणे मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. "मी तर आपलाच आहे" हे तिथं चालत नाही. कागद नसेल तर त्यांना फक्त चिखलदरा दाखवा, कॉफी प्यायला घाला, घरी आणा.

आणि वाटप. कपडे, ब्लँकेट, औषधं, खाऊ, ह्यातलं काहीही साक्षीच्या आधी, नंतर किंवा मधे नको. मेडिकल कॅम्प करायचा तर वेगळा दिवस, वेगळी टीम, तिथं प्रार्थनेचा पत्रक-कागदसुद्धा नको. कायद्याची भीती आहेच, पण मला जास्त वाटतं ते वेगळं. ज्याच्या हातात तुमचं ब्लँकेट आहे तो तुम्हाला कधीच "मला हे पटलं नाही" म्हणू शकत नाही, आणि मग तुम्ही जे ऐकता ते खरं नसतं.

पायरी ३: साक्ष लिहून काढा, मग अर्धी करा, मग परत अर्धी

चर्चमध्ये आपण साक्ष देतो ती वीस मिनिटांची असते. आजोबांपासून सुरुवात, मग दहावीचा निकाल, मग आजारपण, मधे बायबलमधली तीन वचनं, शेवटी रडणं. दुभाष्याबरोबर वीस मिनिटांची चाळीस होतात आणि अंगणातल्या बायका अर्ध्यात उठून जातात कारण म्हशी परत यायची वेळ झालेली असते.

तीन मिनिटं. मराठीत साधारण बारा-पंधरा वाक्यं. मी काय करते ते सांगते: एकच प्रसंग निवडायचा. सगळं आयुष्य नाही, एक दिवस. त्या दिवशी मी कुठं होते, मला काय झालं होतं, मी देवाला काय म्हटलं, मग काय झालं, आता रोज काय वेगळं आहे. बस. माझा प्रसंग माझ्या वडिलांच्या दारूचा आहे, आणि मी ज्या रात्री त्यांना माफ केलं त्या रात्रीचा. तो मी निवडला कारण तो कुठल्याही गावात समजतो. माझ्या मैत्रिणीचा प्रसंग होता सीईटीत मार्क कमी पडले आणि प्रभूने दुसरं कॉलेज दिलं, तो तिच्यासाठी खरा आहेच, पण ज्या बाईने शाळा पाहिली नाही तिला त्यात काय धरायचं?

एक वाक्य, एक गोष्ट. "जरी मी लहानपणापासून चर्चला जात होते तरी मला जे समजलं नव्हतं ते त्या दिवशी समजलं" असलं वाक्य दुभाष्याच्या डोक्यावर पोत्यासारखं पडतं. तोडा. "मी लहानपणापासून चर्चला जायचे. पण देव मला ओळखतो हे मला माहीत नव्हतं. एका रात्री कळलं." (मी स्वतः लिहिताना किती लांब वाक्यं लिहिते ते तुम्ही बघताच आहात, म्हणून म्हणते कागदावर लिहून तोडा, तोंडाने तुटत नाहीत.)

पायरी ४: चर्चची भाषा घरी ठेवून जा

ही सगळ्यात अवघड पायरी, कारण आपली भाषा आपल्याला ऐकू येत नाही. तारण, कृपा, नीतिमान, अभिषेक, ओझं, वधस्तंभ, नवा जन्म, रक्ताने धुतलं. रविवारी उपासनेत हे शब्द आपल्याला ऊब देतात. बाहेर त्यांचं काय होतं ते सांगते.

माझी पहिली ट्रिप. धारणीच्या पुढचं एक गाव, कोरकू गावं असतात तसं, मधे रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा, कुडाच्या भिंती, छान सारवलेल्या. संध्याकाळ. एका ओसरीवर सात-आठ बायका, एक म्हातारी आजी भिंतीला टेकून बसलेली, पायाच्या नखाने जमिनीवर रेघा ओढत होती. मी मोठ्या जोशात म्हटलं, "देवाने माझं ओझं उचललं." दुभाषा दादा क्षणभर थांबला, मग काहीतरी बोलला. आजीने रेघा ओढायचं थांबवलं, माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. सगळ्या बायका हसल्या. मी दादाला विचारलं, काय म्हणाल्या? तो ओशाळला. म्हणाला, "ताई, मी सांगितलं की देवाने हिची मोळी उचलली. आजी विचारतात, मग घरी लाकडं कोणी आणली?"

मी पण हसले, दुसरं काय करणार. पण रात्री झोप लागेना. कारण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. मोळी डोक्यावरून उतरवली म्हणजे काम संपत नाही, चूल पेटवायला ती घरी यावीच लागते. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि आजीला म्हटलं, लाकडं मीच आणली, पण आता एकटी आणत नाही, कुणीतरी बरोबर चालतं. तिने मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. तेव्हापासून "ओझं" हा शब्द मी पुण्यातसुद्धा जपून वापरते.

बाकी शब्दांचं थोडक्यात. "नवा जन्म" म्हटलं की आपल्या देशात कुणीही पुनर्जन्म समजणार, त्यापेक्षा "माझं वागणं बदललं, मी नव्याने सुरू केलं". "पाप" म्हटलं की लोकांना खून किंवा लफडं वाटतं, आणि मग ती बाई मनात म्हणते मी तर असलं काही केलं नाही, त्यापेक्षा आपलंच एक ठोस सांगा, मी खोटं बोलले, मी भावाशी चार वर्षं बोलले नाही. "रक्ताने धुतलं" जिथं देवाला कोंबडं-बकरं देतात तिथं अगदी शब्दशः ऐकलं जातं, त्यामुळे पहिल्याच भेटीत ते काढू नका, त्याला वेळ देऊन समजवावं लागतं. "मेंढपाळ" चालतं, पण तिथं घरोघरी दिसतात त्या गाई-म्हशी आणि शेळ्या, म्हणून दादा "गुराखी" म्हणतो, आणि वाघ असलेल्या जंगलात गुराख्याचं काम काय असतं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, तिथं मी गप्प बसून त्यांनाच बोलू देते.

साधी भाषा म्हणजे कमी दर्जाची, असं कुणी म्हणालं तर त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. बाईंनी केडगावला बसून, ग्रीक-हिब्रू शिकून, सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, कारण त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या बायकांना पंडिती मराठी समजत नव्हती. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंसं आधी काम पुरं झालं, आणि छापलं तिथल्याच छापखान्यात. संस्कृत तोंडपाठ असलेली बाई हे करू शकते, तर आपण "नीतिमान ठरवणे" सोडायला काय हरकत आहे.

पायरी ५: दुभाषा म्हणजे माईक नव्हे

दुभाष्यावर अर्धी ट्रिप अवलंबून आहे आणि त्याच्यासाठी आपण सगळ्यात कमी वेळ काढतो. मला जे उपयोगी पडलं ते असं.

आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसा. साक्ष त्याला आधी सांगा, आणि तो स्वतः काय म्हणेल ते कोरकूत बोलायला लावा, मग दुसऱ्या कुणाला तरी, शक्यतो त्याच घरातल्या वहिनीला वगैरे, विचारा की तुला काय समजलं ते मला हिंदीत सांग. ह्यात अर्धा तास जातो. पण मोळी इथंच सापडते, ओसरीवर नाही.

बोलताना लोकांकडे बघा, दादाकडे नाही. तो तुमच्या शेजारी, किंचित मागे. एक पूर्ण विचार बोला आणि थांबा, अर्ध्या वाक्यावर नको, कारण कोरकूत क्रियापद शेवटी येतं आपल्यासारखंच, तुमचं वाक्य संपल्याशिवाय त्याचं सुरू होत नाही. तो तुमच्यापेक्षा जास्त वेळ बोलला तर बोलू द्या, तो समजावून सांगतोय. विनोद टाळा. वचन वाचायचं तर एकच, आणि ते त्याने आधी पाहिलेलं.

शाळकरी मुलांना दुभाषा करू नका. त्यांना मराठी छान येतं, उत्साह पण असतो, पण एका दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून त्याच्या आईला आजार, दारू, मरण असलं ऐकवणं बरं नाही. आणि बायकांसाठी बाई दुभाषी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण काही गोष्टी दादासमोर कुणी बोलणारच नाही.

त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती विचारून द्या, सरळ रोख, "प्रेमभेट" वगैरे नाव न देता. किती लोक आले ह्यावर मात्र पैसे कधीच नाहीत. आणि त्याला आधी जेवू घाला. एकदा आम्ही सगळे जेवलो आणि दादा बोलतच राहिला, लोक त्याला प्रश्न विचारत होते, शेवटी त्याच्या वाट्याला थंड भाकर आणि तळाचं वरण आलं, तो काही बोलला नाही पण मला आजही लाज वाटते.

पायरी ६: आम्ही आणि आपण

हे मला तिसऱ्या वर्षी कळलं आणि मला वाटतं मराठी माणसाला ह्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

मराठीत "आम्ही" म्हणजे ऐकणारा सोडून, "आपण" म्हणजे ऐकणारा धरून. आपण हे विचार न करता वापरतो. कोरकूतही हा फरक आहे, अगदी पक्का, शिवाय दोघांसाठी वेगळं आणि अनेकांसाठी वेगळं असं पण आहे. पण आपल्यात आणि त्यांच्यात बऱ्याचदा हिंदी असते, आणि हिंदीत नुसतं "हम". मी मराठीत विचार करते "देव आपल्यावर प्रेम करतो", हिंदीत बोलते "भगवान हमसे प्यार करता है", आता दादाने कोरकूत कुठलं "आम्ही" घ्यायचं? त्याने एकदा घेतलं ऐकणारे सोडून असणारं. म्हणजे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना मी सांगितलं की देव आम्हा पुण्याच्या चर्चवाल्यांवर प्रेम करतो. तुमचं तुम्ही बघा.

त्यावर उपाय सोपा निघाला. त्या भागातल्या हिंदीत "अपन" आहे, अपन लोग, अपना, तेच आपलं "आपण". मी "अपन" म्हणायला लागले आणि दादाचा चेहरा सुटला, त्याला लगेच कळायचं कुठलं घ्यायचं ते. दादाला मराठी येत असेल तर मग हिंदी मधे आणूच नका, थेट मराठी बोला.

आणि कुठं काय वापरायचं ह्याचा माझा ठोकताळा: चुका सांगताना "मी". देवाचं प्रेम सांगताना "आपण". आपल्या चर्चबद्दल, रीतीबद्दल सांगताना "आम्ही". उलटं केलं की गडबड. "आपण सगळे पापी आहोत" हे दुसऱ्याच्या ओसरीवर, त्याचा चहा पिऊन, पहिल्या भेटीत म्हणायची गोष्ट आहे का? आणि "आमचा देव" म्हटलं की तो तुमचाच राहतो, तुमच्या बॅगेत, परत पुण्याला.

पायरी ७: वीस शब्द शिका

पाच दिवसांत भाषा येत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ मध्ये, मधे सदतीस वर्षं, तेव्हा कुठं तो ओवीत लिहिण्याइतका मराठी झाला. आपल्याकडे एक आठवडा आहे, तर वीस शब्द.

पाणी म्हणजे डा. खाणं, जेवणं ह्याला जोम. आकडे शिका: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई. गावागावात उच्चार थोडा सरकतो, म्हणून कागदावरून पाठ करू नका, दादाला बोलायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून बसमध्ये ऐका. आकड्यांचा फायदा असा की पोरांसमोर चुकीचे मोजले की ती तुम्हाला शिकवायला लागतात, आणि ज्याला तुम्ही काहीतरी शिकवायला आलात त्याच्याकडून आधी तुम्हीच शिकता. माझी पहिली ओळख कुठल्याही गावात "उफुन" चुकीचा म्हणून होते. बाकी शब्द मात्र कामाचे निवडा, बसू का, नाव काय, दुखतंय का, छान झालंय, येते मी.

पायरी ८: बसल्यावर आधी ऐका

घरात शिरताना चपला बाहेर, बसा म्हटल्यावर बसा, दिलेलं पाणी प्या (पोटाची काळजी असेल तर आपली बाटली आधीच दादाला सांगून ठेवा, समोर नाक मुरडू नका). मोहाची दारू पुढे आली तर हसून, हात जोडून नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही. त्यावर प्रवचन तर मुळीच नाही.

मग विचारा. घरात कोण कोण, यंदा पीक कसं, पोरगा कुठं कामाला गेलाय. मी साधारण असं धरते की तासभर बसले तर पन्नास मिनिटं त्यांची. भाषा येत नसली तरी ऐकणं दिसतं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या आठवणीचे कोरलेले लाकडी खांब असतात, गावातला भूमका (पुजारी-वैदू) असतो, त्यांच्या गोष्टी असतात. त्या ऐकताना तोंडावर "बिचारे" असा भाव आणू नका, त्याला भाषांतर लागत नाही.

आणि मग विचारा, मी माझी एक गोष्ट सांगू का? नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर तीन मिनिटं, आणि शेवटी "तुम्हाला काय वाटतं?" आणि मग गप्प. दुभाष्याबरोबर गप्प बसणं लांब वाटतं कारण उत्तर यायला दुप्पट वेळ लागतो. ती शांतता भरायला म्हणून आपण परत बोलायला लागतो, आणि जे उत्तर ओठावर आलेलं असतं ते परत आत जातं. मी हातात पाण्याचा पेला धरून ठेवते, बोलावंसं वाटलं की एक घोट.

पायरी ९: रंगांचं पुस्तक, बाहुल्या, व्हिडिओ

संडे स्कूलमधलं बिनशब्दांचं रंगीत पुस्तक सगळ्यांच्या बॅगेत असतं. भाषा नको, काळं पान पाप, लाल रक्त, पांढरं शुद्ध, सोनेरी स्वर्ग, हिरवं वाढ. ही कल्पना स्पर्जन ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८६६ मध्ये लंडनच्या पोरांसमोर काढली, तेव्हा तीनच रंग होते, बाकीचे नंतर आले. लंडनला ठीक असेल. पण रंगांचीही भाषा असते हो. आपल्याकडे पांढरं कपाळ, पांढरं लुगडं म्हणजे काय ते कोण सांगायला पाहिजे? आणि उन्हात राबलेल्या सावळ्या माणसांसमोर काळं म्हणजे घाण, पांढरं म्हणजे स्वच्छ, असं बोट दाखवून सांगायचं, हे मला आता जमत नाही. मी ते पुस्तक नेणं बंद केलं. तुम्ही नेलंत तर निदान काळ्या पानाऐवजी विझलेली चूल किंवा अंधारी रात्र म्हणून गोष्ट सांगा.

ऑडिओ मात्र चांगला. कोरकूत रेकॉर्ड केलेल्या बायबलच्या गोष्टी शोधून फोनमध्ये डाऊनलोड करून न्या, घाटात नेटवर्क नसतं. पण दुभाष्याला आधी ऐकवा, गाव बदललं की बोलणं बदलतं. गाणी आपली मराठीच म्हणा, ढोलकी आणि टाळ घेऊन, चाल साधी असली की लोक तालावर येतात, आणि मग त्यांचं गाणं मागा. आमच्यातला एकजण गिटार घेऊन आला होता. ती एसटीच्या टपावरच फुटली, मला खोटं वाईट वाटलं.

फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय नाही. प्रार्थना करतानाचे, रडतानाचे, आजाऱ्याचे तर विचारूनसुद्धा नाही.

पायरी १०: प्रार्थना मागितली तर

बऱ्याचदा साक्षीवर कुणी काही बोलत नाही पण निघताना कुणीतरी म्हणतं, पोराला ताप आहे, प्रार्थना करा. करा. लहान, दोन-चार वाक्यांची, दादाने आधी सांगायची की ही काय करणार आहे. डोक्यावर हात ठेवू नका, बाईच्या तर नाहीच. आणि प्रार्थनेनंतरचं पहिलं वाक्य "आमेन" नाही, "दवाखान्यात कधी नेताय?" हे असू द्या. औषध बंद करा, आता बरं होणार, असलं काही चुकून पण बोलू नका. चमत्काराचे दावे केले तर राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे एक, आणि तापलेलं पोर आपल्या भरवशावर घरी राहिलं तर ते आपल्या मानेवर, हे दुसरं. गाडी असेल तर आरोग्य केंद्रात सोडा, वाटेत साक्ष नको.

पायरी ११: परत आल्यावर

रविवारी पास्टर पुढे बोलावतील आणि कुणीतरी विचारेल, किती आत्मे, म्हणजे किती जण ख्रिस्ताकडे वळले? मी सांगते, नऊ घरी चहा प्यायले. काही जणांचा चेहरा पडतो. पडू द्या. आकडे फुगवले की पुढच्या टीमवर त्याचा भार येतो आणि त्या गावाला त्रास होतो, आणि गावाचं नाव, माणसांची नावं, फोटो ग्रुपवर टाकले तर तो आणखी वेगळा त्रास.

फोटो काढायला कुणी परवानगी दिली असेल तर त्याची प्रिंट काढून दादाकडे पाठवा, फोनमधल्या फोटोचं त्यांना काय. आजीचा एक फोटो मी तसा पाठवला होता, तो आता भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवलेला.

दादाला अधूनमधून फोन करा, काम नसताना. फक्त होळीच्या आठवड्यात करू नका, तेव्हा तो उचलत नाही, ढोल त्याच्याच गळ्यात असतो.